बाबा पंप मारून राह्यले

हिवाळा आला हे मला थंडीमुळे कळत नाही, फोनमुळे कळतं. वर्ध्याच्या नालवाडीतल्या आमच्या गल्लीत पहिली कानटोपी दिसायच्या आधीच माझ्या व्हॉट्सॲपवर गोळ्यांच्या पाकिटांचे फोटो यायला लागतात. अर्धं फाटलेलं पाकीट, नावातली शेवटची अक्षरं तेवढी शिल्लक, आणि खाली आत्याचा आवाज: "वैशू, हे कायची गोळी हाये पाय बरं. तापाची हाये का पोटाची? सांगजो लवकर, मी पानी घेऊन बसली हावो." मावशी विचारते, काढ्यात गूळ टाकला तर साखर वाढते का. चुलतभाऊ विचारतो, बकरीचं औषध माणसाला चालतं का. वर 'सहज विचारून राह्यलो' असंही म्हणतो, त्यामुळे मला जास्त भीती वाटते.

मी सगळ्यांना उत्तरं देते. माझी पदवी वाणिज्य शाखेची आहे, पण घराण्यातल्या पहिल्या पदवीला शाखा नसते. हिंगणघाटच्या कॉलेजातून मी बी.कॉम. झाले त्या दिवसापासून औषधाच्या पाकिटावरचं इंग्रजी, शाळेची नोटीस, विहिरीवरच्या मोटरच्या खोक्यातला कागद, लग्नपत्रिकेचा मजकूर, सगळं माझ्याकडे येतं. मला त्याचा कंटाळा नाही, अभिमान आहे, आणि तो मी लपवत नाही. वर्ध्याला एका पतसंस्थेत मी नोकरी करते. तिथं मला मॅडम म्हणतात. वडनेरला, माहेरी, मी 'शिकलेली' आहे. हा शब्द तिथं नावासारखा वापरतात. "शिकलेलीले विचारा," असं म्हटलं की शेजारच्या आळीतल्या माणसालाही कळतं कोणाला विचारायचं ते.

यंदाही पहिला फोटो आला, आणि मागोमाग दादाचा फोन, नाताळच्या सुट्टीत येतोय म्हणून. त्या दोन्हींमुळे मला तो हिवाळा आठवला, ज्यात आम्ही अख्ख्या कुटुंबानं मिळून निरोगी राहायचं ठरवलं होतं. एवढी धावपळ आम्ही आजारपणातही कधी केली नव्हती.

त्याच्या आदल्या हिवाळ्यात बाबांचा श्वास अडकला होता. जन्मभर बिडी, वर चुलीचा धूर, वर कापसाची धूळ. छाती कधीतरी बोलणारच होती. वर्ध्याच्या दवाखान्यात त्यांना नळ्या लावून ठेवलं. तिथून ते घरी आले तेव्हा बिडी सुटली होती आणि खिशात पंप आला होता. तोंडात धरून दाबायचा तो छोटासा निळसर पंप, रोज सकाळी दोन फवारे, खोकला असो वा नसो. आईनं गावात सांगितलं, "डॉक्टरनं यायले पंप माराले सांगतला." दुसऱ्या दिवशी दोघं जण चौकशीला आले की कोणती अळी पडली. आमच्याकडे पंप म्हटलं की पाठीवर घ्यायचा तो फवारणीचा पंप. दुसरा पंप असतो हे कोणाला माहीत नव्हतं.

त्या दवाखान्याच्या पायऱ्यांवरच दादानं निकाल देऊन टाकला होता. "पुढच्या हिवाळ्यात पुन्हा असं झालं त दोघायलेई पुण्याले घेऊन जातो. वावर बटईनं देऊ. मी तिकडून किती धावू?" दादा चुकीचं बोलत नव्हता. त्याच्या आवाजात राग कमी आणि रात्रभराचा प्रवास जास्त होता. पण बाबांचा चेहरा मी पाहिला. त्यांनी एकदा पुण्यात राहून पाहिलं होतं. दादाचा फ्लॅट सहाव्या मजल्यावर. बाबा सकाळी उठून गॅलरीत जायचे, वारा कुठून येतोय ते बघायचे, आणि मग त्या माहितीचं काय करायचं हे न कळून परत आत येऊन बसायचे. आठवड्यात त्यांचं वजन उतरलं. आईचं वाढलं, पण ती गोष्ट वेगळी.

म्हणून त्या वर्षी नाताळची सुट्टी म्हणजे बाबांची परीक्षाच होती. दादा बघायला येणार, आणि खोकला दिसला की वडनेर सुटणार. मीही सुट्टी टाकून माहेरी आले होते.

दादा माझ्याहून मोठा. आयटीआय करून पुण्याकडच्या कारखान्यात लागला आणि आता तिथं सेफ्टी विभागात आहे. समृद्धी महामार्गावरून तो गाडी घेऊन आला तेव्हा डिकीतून आधी अग्निशामक नळकांडं उतरलं, मग मुलं. भाव चढेल ह्या आशेनं बाबांनी समोरच्या खोलीत छतापर्यंत कापूस भरून ठेवला होता. दादानं ते लाल नळकांडं कापसाच्या दाराशी उभं केलं आणि सगळ्यांना अंगणात बोलावून सूचना दिल्या. कापसाच्या खोलीजवळ आगपेटी न्यायची नाही. बादलीत हीटरची कांडी असताना पाण्यात बोट घालायचं नाही. शेकोटी घरापासून लांब, आणि बाबांनी शेकोटीजवळ बसायचं नाही. पहाटेच्या गारव्यात बाहेर पडायचं नाही. आई शेवटच्या ओळीत उभी होती. ती म्हणाली, "अन स्वयपाक कराचा का नाई, तेई सांगून टाक."

पहिल्या संध्याकाळीच घोळ झाला. आईनं मुलांसाठी शेगडीत इस्तो भरून खोलीत ठेवला. दादा म्हणाला, बंद खोलीत निखारे ठेवले तर गॅस होतो, जीव जातो. हे खरं आहे, मीही त्याला दुजोरा दिला, पदवीच्या वजनासकट. मग खिडक्या उघडल्या. मग थंडी आत आली. मग वहिनी म्हणाली, मुलांना सर्दी होईल. मग शेगडी बाहेर गेली, खिडक्या मिटल्या, आणि खोली पहिल्यासारखी झाली. इतक्या चर्चेनं सगळ्यांना बऱ्यापैकी ऊब आली होती.

वहिनी पुण्याजवळच्या खेडकडची. स्वभावानं चांगली, फक्त औषधांची पिशवी तिच्या खांद्यावरून कधी उतरत नाही. पोरांनी, म्हणजे ओजस आणि सईनं, नियमात एक पळवाट शोधली होती. कापसाच्या खोलीत आगपेटी न्यायची नाही, पण उड्या मारायला मनाई नव्हती. त्यांनी अख्खी दुपार कापसात पोहून काढली. संध्याकाळी दोघांच्या अंगावर लाल लाल पुरळ. वहिनीनं मला फोटो पाठवला. मी शेजारच्या खोलीत तुरीच्या शेंगा सोलत बसले होते.

"वैशूताई, कांजिण्या आहेत का?" तिनं फोटोखाली लिहिलं.

मी तिथूनच ओरडून सांगितलं, "कापसाची खाज हाये, वहिनी. खोबरेल लावा."

आईनं दोघांना अंगणात उभं करून गरम पाण्यानं घासलं, तेल लावलं, आणि ओजसच्या पाठीवर एक चापट देऊन म्हणाली, "आजाचं पांढरं सोनं हाये थे. झोपाची गादी नोय."

ह्या सगळ्या गडबडीत एकच माणूस शांत होता. बाबा. ते खाटेवर उन्हात बसायचे, मुलं आली की डोक्यावरून हात फिरवायचे, आणि खोकायचे नाहीत. म्हणजे, खोकायचे. पण दादासमोर नाही. छातीत उबळ आली की ते लगबगीनं उठून गोठ्याकडे जायचे आणि बैलावर ओरडल्यासारखा मोठा आवाज काढायचे. बैल बिचारा काही न करता रोज शिव्या खात होता. उठायला वेळ नसला तर आई मदतीला धावायची. तिनं खलबत्ता हाताशीच ठेवला होता. बाबांचा घसा खवखवला की ती सुंठ कुटायला घ्यायची, ठण ठण ठण, खोकला त्यात बुडून जायचा. दोन दिवसांत घरात इतकी सुंठ झाली की चहात, भाजीत, लाडवात, जिथं तिथं सुंठ. सईला नुसत्या वासानं शिंका यायला लागल्या.

"एवढी सुंठ खाते तरी कोन?" दादानं विचारलं.

"हिवाळा हाये," आई म्हणाली. "खाऊ दे."

मला हे सगळं माहीत होतं. मी आईला बाजूला घेऊन म्हटलं, "अवं, झाकून काय होते? पंप त मारून राह्यले ना रोज?"

"रोज मारतेत. पन यायले थो मानवत नाई. पंप मारला का सर्दी होते म्हनते. खोकला वाढते."

हे बाबांनी मलाही सांगितलं होतं, अनेकदा, फोनवर. "वैशे, तो पंप मले नाई मानवत." आमच्याकडे 'मानवत नाही' म्हटलं की बोलणं संपलं. एखाद्याला वांगं मानवत नाही, एखाद्याला पुण्याचं पाणी मानवत नाही. त्यावर कोणी कारण विचारत नाही. मी मात्र विचारलं. पंपाच्या खोक्यातला कागद, मुंगीएवढ्या अक्षरातला, आरपार वाचला. तोंड येऊ शकतं, आवाज बसू शकतो, असं लिहिलं होतं. पंप मारल्या मारल्या हुडहुडी भरते आणि नाक गळतं, असं कुठंच नव्हतं. मी आपली म्हणत राहिले, चालू ठेवा, बाबा. शिकलेल्या माणसाला दुसरं काही सुचलं नाही की तो 'चालू ठेवा' म्हणतो.

मग दादाला संशय आला, पण वेगळाच.

"बाबा पहाटीस गोठ्यामागं जाऊन काय करतेत?" त्यानं मला गाठून विचारलं. "मी दोन दिवस झाले पाहून राह्यलो. सगळे झोपले असतानी उठतेत, दुपट्टा घेतेत, मागं जातेत. अन येतानी खोकत येतेत."

"पंप मारत असतीन."

"पंप घरात नाई का मारता येत? वैशू, ते बिडी ओढून राह्यले. चालू झाली पुन्हा."

बिडी असेल तर सगळंच संपलं; मग पुण्याला नेण्यावाचून मीही दुसरं काही म्हणू शकले नसते. दादानं ठरवलं, रंगेहाथ पकडायचं. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या सुमारास आम्ही दोघं, चाळिशी ओलांडलेली बहीणभाऊ, कुटाराच्या, म्हणजे भुशाच्या, ढिगामागं बसलो. दादानं थंडीसाठी गाडीतलं कंपनीचं चमकणारं जॅकेट घातलं होतं. लपायला त्याहून वाईट कपडा नसावा. धुकं तुरीवर अडकून राहिलं होतं, कुत्रं आमच्याकडे बघून शेपटी हलवत होतं, आणि कुटार माझ्या बाहीत शिरलं होतं.

बाबा आले. डोक्याला कानटोपी, खांद्यावर दुपट्टा. गोठ्यामागच्या मोकळ्या जागेत थांबले. दादानं माझं मनगट धरलं.

बाबांनी वाकून चिमूटभर कुटार उचललं आणि हवेत सोडलं. ते पूर्वेला उडालं. मग त्यांनी वाऱ्याकडे पाठ केली, दुपट्ट्यानं नाक आणि कान गच्च बांधले, खिशातून पंप काढून खळखळ हलवला. तोंड उघडलं. डोळे मिटले. श्वास रोखला, अगदी गाल फुगेपर्यंत. आणि जिभेवर फुस्स करून एक फवारा मारला. मग तसाच श्वास रोखून त्या जागेपासून भराभर लांब गेले, गोठ्याच्या कोपऱ्याशी पोचले, आणि तिथं जाऊन श्वास सोडला. पुन्हा आले, पुन्हा वारा पाहिला, दुसरा फवारा.

दादानं माझं मनगट सोडलं.

पुढं बाबांनी खळखळून चूळ भरली, थुंकले. साबणानं कोपरापर्यंत हात धुतले. अंगातला सदरा काढून काट्याच्या कुंपणावर टाकला. आणि पौषातल्या त्या गारठ्यात हौदातलं पाणी तांब्यानं भडाभडा अंगावर ओतून घेतलं. मग खोकला आला तो कमरेत वाकवणारा.

दादा उभा राहिला. जॅकेट चमकलं. "बाबा, काय करून राह्यले?"

बाबांनी मान वर केली. आम्हाला बघून त्यांना आश्चर्य वाटलं असेल तर दिसलं नाही. "दिसत नाई का? पंप... मारून राह्यलो. तिकडं सरका. वारा... तुमच्याकडं हाये."

"बाबा, तुमी औषध आत ओढत नाई का?" मी विचारलं.

"काय?"

"औषध. फवारा मारला का श्वासासंगं आत ओढाचा असते."

बाबा माझ्याकडे असं बघायला लागले की जणू माझी पदवी आत्ता, ह्या क्षणी, गेली. "फवारा... आत ओढाचा? वैशे... बी.कॉम. हायेस ना तू?"

"डॉक्टरनं सांगितलं नाई का?"

"डॉक्टरनं... श्वास रोखाले सांगितला. रोखतो मी."

"आधी घेऊन मंग रोखाचा, बाबा."

"थे नाई सांगितलं त्यानं." त्यांनी तांब्या खाली ठेवला. "सांगितलं असन त... मी आयकलं नाई. पुढचा नंबर... बोलावून राह्यले होते."

डॉक्टरनं सांगितलंच असणार. पण बाबांच्या कानात त्यातलं 'पंप' आणि 'श्वास रोखा' एवढंच गेलं, आणि बाकीचं त्यांना कोणी शिकवायची गरजच नव्हती. ते त्यांना आयुष्यभर येत होतं.

माझ्या लहानपणी फवारणीच्या दिवशी घराच्या खिडक्या मिटलेल्या असायच्या. आम्ही दोघं आत. बाबा वावरातून आले की दारात थांबायचे आणि लांबूनच ओरडायचे, "पोट्ट्यायले धर." आई आम्हाला धरून ठेवायची. बाबांच्या अंगाला एक वास यायचा, गोडसर आणि कडू, अजूनही मला तो वास कुठं आला तर माझे पाय आपोआप मागे सरतात. ते कपडे कुंपणावर टाकायचे, अंगणात आंघोळ करायचे, दोनदा साबण लावून, आणि मगच आम्हाला जवळ घ्यायचे. एका वर्षी शेजारच्या वावरातला माणूस फवारता फवारता पडला. खाटेवर घालून नेला, परत आला नाही. त्या दिवसापासून बाबांचे नियम आणखी कडक झाले. वाऱ्याकडे तोंड करायचं नाही. नाक बांधायचं. पंप चालू असला की श्वास घ्यायचा नाही. घरात मारायचा नाही, लेकरं असतात. पंप वर ठेवायचा, लेकरांचा हात पुरणार नाही असा. ज्या माणसाला कोणी सेफ्टीचं जॅकेट दिलं नाही, त्यानं ही सगळी सुरक्षा स्वतःची स्वतः उभी केली होती, आणि तीच सुरक्षा वर्षभर त्यांचं औषध छातीत जाऊ देत नव्हती. वर थंड पाण्याची आंघोळ. पंप मानवेल कसा?

मी विचारलं, "घरात मारला असता त काय झालं असतं, बाबा?"

"लेकरं होती ना घरात," ते म्हणाले.

दादानं जॅकेट काढून बाबांच्या ओल्या अंगावर टाकलं. बाबा त्यात दूरच्या हायवेवर काम करणाऱ्या माणसासारखे दिसायला लागले.

ऊन चढल्यावर अंगणात शिकवणी बसली. बाबा घरात पंप मारायला अजूनही तयार नव्हते, म्हणून खाट अंगणात. मुलांना आधी आत पाठवा म्हणाले. मुलं आत गेली आणि खिडकीला नाकं लावून उभी राहिली. वहिनीनं रिकामा पंप घेऊन दाखवलं.

"बाबा, आधी सगळा श्वास बाहेर सोडा. मग तोंडात धरा, दाबा, आणि सावकाश ओढून घ्या."

बाबांनी ऐकून घेतलं. पंप तोंडात धरला. दाबायची वेळ आली आणि जुनी सवय पुढं आली, श्वास बंद. फवारा टाळ्याला लागून परत आला.

"आजोबा, स्ट्रॉनं ज्यूस पितो तसं," खिडकीतून ओजस.

"म्या काय स्ट्रॉ पाह्यला रे बावा?"

"फुलाचा वास घेतल्यासारखं," मी म्हटलं.

"फूल नाकानं हुंगतेत. हे तोंडात हाये."

दादानं पोट आत-बाहेर करून दाखवलं. वहिनीनं मोबाइलवर व्हिडिओ लावला, त्यात एक परदेशी म्हातारा पंप घेत होता. बाबांनी त्याच्या स्वेटरची विचारपूस केली. पुन्हा दाबलं, पुन्हा श्वास बंद. डोळ्यांवरून वारं गेलं की पापणी मिटते, तसं त्यांचं फवारा उडाला की नरडं मिटत होतं. त्यात त्यांचा काही इलाज नव्हता. आता त्यांच्या कपाळावर घाम दिसायला लागला. दादा घड्याळाकडे बघत नव्हता, बाबांकडे बघत होता, आणि तो काय विचार करतोय हे अंगणातल्या प्रत्येकाला कळत होतं. हे जमलं नाही तर सहावा मजला.

आई चुलीपाशी भाकरी थापत होती. तिनं मान न वळवता म्हटलं, "बिडी ओढत होते तसं ओढा."

वहिनीनं दादाकडे पाहिलं. बिडीचं नाव ह्या घरात वर्षभर कोणी काढलं नव्हतं.

बाबांनी पंप उचलला. ह्या वेळी दोन बोटांत धरला, जरा तिरपा. ओठ आवळले, गाल आत गेले, आणि फवाऱ्यासोबत त्यांनी असा खोल, सावकाश, पारंगत झुरका घेतला की बघत राहावं. डोळे मिटले. आत धरून ठेवला. ह्यात त्यांना कोणी काही शिकवण्यासारखं नव्हतं. मग हळूहळू सोडला, आणि डोळे उघडून समोर हवेत बघितलं.

"धूर नाई निघाला," ते म्हणाले. जरा हिरमुसले होते.

त्यानंतर आम्ही त्यांना हिंगणघाटच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पंप मारून दाखवा म्हटलं. बाबांनी आधी उठून खिडकीतून वारा बघितला, मग दाखवला. डॉक्टर म्हणाले, एकदम बरोबर, इतकं छान फार कमी लोक घेतात, आता असंच चालू ठेवा, आठवड्याभरात फरक दिसेल. आंघोळ गरम पाण्याची आणि ऊन आल्यावर. दादानं कारखान्यातून सुट्टी वाढवून घेतली. कारण सांगितलं नाही, पण कारण काय होतं ते उघड होतं: निघायच्या आत फरक दिसला नाही, तर गाडीत दोन माणसं वाढणार होती. आईनं मला एकटीला विचारलं, "बॅग भरून ठेवू का गं? ऐन वेळी पसारा नको." मी म्हटलं, नको. तरी तिनं दोन लुगडी घडी करून वेगळी ठेवलीच.

आता एक गोष्ट सांगायला हवी, जी आम्हा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती आणि कोणाच्या लक्षात आली नव्हती. बाबा आमच्या लहानपणी फार बोलायचे. बोलायचे म्हणजे रागवायचे. बैलाला पाणी दाखवलं नाही इथून सुरुवात करून ते शाळा, चपला, आईचं माहेर, ग्रामपंचायत, सगळं एका दमात घ्यायचे. गेल्या दीड-दोन वर्षांत मात्र ते अगदी शांत झाले होते. दोन शब्द बोलायचे, थांबायचे, हसायचे. आम्हाला वाटलं, म्हातारपणी माणूस निवळतो. मी तर वर्ध्याला मैत्रिणींना कौतुकानं सांगायची, बाबा आता कसे संतासारखे झालेत. आईही म्हणायची, देवानं उशिरा का होईना ऐकलं.

डॉक्टरांनी सांगितलेला आठवडा सरत आला तेव्हा एका सकाळी बाबांनी ओजसला अंगणात नळ वाहता सोडलेला पाहिला. "काऊन रे," ते म्हणाले, "पानी काय तुह्या बापानं पुण्याहून आनलं का, विहिरीत कोन उतरलं होतं माहीत हाये का तुले, अन हे चप्पल उलटी कोनं टाकली, घरात मानसं राह्यतेत का..." आणि ते वाक्य चपलेवरून गोठ्याकडे, गोठ्यावरून आमच्याकडे आलं. ओजसनं घाईनं नळ बंद केला. ह्या आजोबांना तो ओळखत नव्हता. आई दारात आली, कमरेवर हात ठेवून ऐकत राहिली.

"आले परत," ती मला म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर आनंद होता की नाही ते मला सांगता येणार नाही. खलबत्ता मात्र तिनं त्या दिवशी फळीवर ठेवून दिला.

मला तेव्हा कळलं की आम्ही ज्याला शांत स्वभाव समजत होतो, ती निव्वळ श्वासाची टंचाई होती. माणसाला रागवायलासुद्धा छातीत हवा लागते. आजही घरात कोणी म्हातारं माणूस फार गुणी झालं, फार समजूतदार झालं असं फोनवर ऐकलं, की मी कौतुक करत नाही. मी विचारते, चालताना दम लागतो का? डॉक्टरले दाखवा.

निघायचा दिवस आला. डिकीत संत्री, तुरीची डाळ, सुंठीचे लाडू आणि लाल नळकांडं. मला वाटेत नालवाडीला सोडायचं होतं म्हणून मी मागच्या सीटवर, मुलांच्या बाजूला. पुण्याचा विषय दादानं शेवटपर्यंत काढला नव्हता. आई ओट्यावर उभी होती आणि तिची लुगड्यांची घडी तिच्या मागे, दाराच्या आत, मला दिसत होती. दादानं चावी लावली, पण फिरवली नाही.

बाबा त्याच्या खिडकीशी आले. निरोप घ्यायला आले असं आम्हाला वाटलं.

"मागच्या चाकात हवा कमी हाये थे पाह्यलं का, का नुसतीच सेफ्टी सेफ्टी करत बसला, समृद्धीवर डोळा लागते मानसाचा, झोप आली का थांबजो, बाजूले घेजो, अन तो डबा पायाखाली लोळून राह्यला थो बांध आधी, पोरीचे कान उघडे हायेत, अन मागच्या वर्षी पोचल्यावर फोन नाई केला, तुही माय जागीच बसली होती, अन लेकरायले इतले कपडे घालते का कोनी, हातपाय हालत नाई त्यायचे..."

"कान उघडे आहेत खरं," वहिनी म्हणाली, आणि सईला वारा लागू नये म्हणून तिनं बटण दाबून सगळ्या काचा वर केल्या.

आवाज बंद झाला. काचेच्या पलीकडे बाबांचे ओठ हलत राहिले. हात चाकाकडे गेला, मग आभाळाकडे, मग आईकडे. दादा त्यांच्याकडे बघत बसला.

"निघायचं ना?" वहिनीनं विचारलं.

"थांब," दादा म्हणाला. "दम घ्याले कुठं थांबतेत, थे पाहून राह्यलो."

आम्ही सगळेच बघायला लागलो. सईनं माझ्या मांडीवर गुडघे टेकून बाहेर डोकावलं. धुकं उठलं होतं, ऊन बाबांच्या तोंडावर होतं, आणि त्यांच्या तोंडातून वाफ निघत होती, एकामागून एक, मधे कुठं खंड न पडता.

"राहू द्या यायले इथंच," दादा म्हणाला, आणि त्यानं गाडी सुरू केली. बाबा गाडीसोबत कुंपणापर्यंत चालत आले. त्यांचं बोलून व्हायचं होतं.